ॲपला पेग कळत नाही, ग्रॅम कळतात

दारूची नोंद ठेवणाऱ्या ॲपमध्ये ‘आज ३ ड्रिंक’ असं टाकलं की हिशोब लागला असं वाटतं. गोम त्या ‘ड्रिंक’मध्येच आहे. अमेरिकी पद्धतीचं एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ब्रिटिश ॲप युनिटमध्ये मोजतं आणि युनिट असतं ८ ग्रॅमचं. आपला ६० मिलीचा लार्ज पेग दोन्हींत बसत नाही. म्हणून सोय असेल तर एकक ग्रॅम ठेवावं आणि तयार यादीच्या नादी न लागता आपली पेयं मिली व टक्के टाकून स्वतः भरावीत.

सूत्र सोपं आहे: मिली × टक्के ÷ १०० × ०.७८९. शेवटचा आकडा अल्कोहोलच्या घनतेचा. भारतीय व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के छापलेलं असतं. त्या हिशोबाने ३० मिलीचा स्मॉल १० ग्रॅम, लार्ज २० आणि १८० मिलीची क्वार्टर ६१ ग्रॅम. आता ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली घ्या: ४१ ग्रॅम, म्हणजे सरळ दोन लार्ज. ‘आपण फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून पाहावाच.

खरी गडबड मात्र घरच्या ग्लासात होते. नेहमीच्या ग्लासात नेहमीच्या अंदाजाने पाणी ओता आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा. १ ग्रॅम पाणी म्हणजे १ मिली. ६० समजून ओतलेलं ८५ भरलं, तर तीन पेगांत २५ ग्रॅम, म्हणजे अडीच स्मॉल, नोंदीतून निसटतात. यावर पेग-मेझर हाच उपाय.

नोंद ओततानाच करावी. तिसऱ्या पेगनंतरच्या स्मरणशक्तीवर कशाला विसंबायचं? यजमान अर्धा ग्लास पुन्हा भरतो तिथेही मोजणी मोडते. ग्लास रिकामा होईपर्यंत भरू देऊ नये. न प्यायलेल्या दिवशी शून्य टाकावं, नाहीतर कोरा दिवस विसरलेला की कोरडा, ते नंतर कळत नाही.

काही ॲप रक्तातलं प्रमाणही दाखवतात. ते वजन, लिंग आणि वेळ यांवरून काढलेलं गणित असतं. ७० किलोच्या पुरुषाने दोन लार्ज घेतले तर १०० मिली रक्तात साधारण ८५ मिलिग्रॅम येतात. तासाला १५च्या आसपास उतरतात, पण काहींचे १०, काहींचे २०. आपल्याकडे गाडी चालवण्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. एवढी तफावत असलेल्या आकड्यावर किल्ली हातात घेऊ नये.

आलेखात रोज क्वार्टर किंवा जास्त दिसत असेल, सकाळी हात थरथरत असतील, तर घाबरून एका दिवसात दारू तोडू नये. अशांना पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो आणि ते जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना नोंदी दाखवाव्यात. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन मोफत आहे.