नुसती चेकलिस्ट चिकटवून इन्फेक्शन थांबत नाही

अमेरिकेतल्या मिशिगनच्या आयसीयूंची गोष्ट कित्येक वर्षं फिरतेय, की पाच मुद्द्यांची साधी चेकलिस्ट आणली आणि मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे रक्तात होणारं इन्फेक्शन जवळपास गायब झालं. रिझल्ट खराय, 2006 मध्ये छापून आलाय, पण सगळं श्रेय त्या कागदाला देणं साफ चूक आहे.

हात धुणं, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा साफ करणं, पेशंटला निर्जंतुक कापडाने नीट झाकून घेणं, जांघेतली शीर शक्यतो टाळणं, गरज संपलेली नळी काढून टाकणं, यातलं डॉक्टरांना काय नवीन होतं सांगा! बदललं ते भोवतालचं काम. लागणारं सगळं सामान एकाच ट्रॉलीवर ठेवलं, प्रत्येक युनिटमध्ये एक डॉक्टर आणि एक नर्स जबाबदार धरले, इन्फेक्शनचे आकडे नियमित टीमसमोर ठेवले, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्टेप चुकली तर डॉक्टरला तिथंच थांबवायचा अधिकार नर्सला दिला.

उलट कॅनडाच्या ओंटारियोत 101 हॉस्पिटलांमध्ये ऑपरेशनसाठीची सेफ्टी चेकलिस्ट लागू झाली, 2014 च्या अभ्यासात मृत्यू लक्षणीय कमी झालेले दिसले नाहीत. याचा अर्थ चेकलिस्ट फालतू असा अजिबात नाही, पण टिकमार्क होणं आणि काम होणं यात फरक असतो.

तुमच्या वॉर्डात लावणार असाल तर आधी एवढं बघा, ज्युनिअर नर्स सिनियर डॉक्टरला "सर, थांबा" म्हणाली तर तिच्या पाठीशी कोण उभं राहतं.