हौशी रेडिओ जोडणी-सत्र (ठाणे व नवी मुंबई)

हौशी रेडिओ (छंद म्हणून रेडिओवरून संपर्क साधणे) संघाचे सभासद एकत्र बसून ग्राही (संदेश ऐकण्याचा संच), कमी शक्तीचा ट्रान्सीव्हर (संदेश पाठवणारा व ऐकणारा संच) किंवा अँटेना स्वतःच्या हातांनी जोडतात, तो उपक्रम. ठाणे व नवी मुंबई परिसरात तो सहसा सुट्टीच्या दिवशी भरतो. सुटे भाग मुख्यतः मुंबईतील लॅमिंग्टन रोडवरून आणले जातात.

उगमाविषयी एकमत नाही. भारतातील पहिले हौशी प्रक्षेपक म्हणून कोलकात्याचे अमरेंद्र चंद्र गुप्तू (१९२१) यांचे नाव सामान्यतः घेतले जाते. मुंबईच्या रेडिओ क्लबने जून १९२३ च्या सुमारास ध्वनिक्षेपण सुरू केले, म्हणून काहीजण या प्रथेचा धागा तिथपर्यंत नेतात. मात्र त्या क्लबचा भर कार्यक्रम ऐकवण्यावर होता. सभासद एका टेबलाशी बसून संच जोडत, असे त्यावरून म्हणता येत नाही. युद्धोत्तर काळात मोडीत निघालेली लष्करी सामग्री आणि पुढे आयातीवर आलेले निर्बंध यांतून घरी संच बनवण्याची सवय लागली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पण त्याने स्वतः जोडण्याचे कारण कळते, चारचौघांत बसून जोडण्याचे नाही.

एकत्र बसण्याचे कारण बहुधा क्रिस्टलमध्ये, म्हणजे ठरावीक कंपनसंख्या देणाऱ्या स्फटिकाच्या सुट्या भागात आहे. हैदराबादचे अश्हर फरहान यांनी २००३ मध्ये मांडलेल्या ‘बिटएक्स’ या २० मीटर तरंगलांबीच्या पट्ट्याच्या ट्रान्सीव्हरमध्ये १० मेगाहर्ट्‌झच्या क्रिस्टलांचा शिडी-फिल्टर (हवे तेवढेच संकेत पुढे सोडणारी साखळी) आहे. या क्रिस्टलांच्या कंपनसंख्या एकमेकींच्या अगदी जवळच्या, शक्यतो शंभरेक हर्ट्‌झच्या आत असाव्या लागतात. दुकानातून मोजकेच नग आणले तर ते जुळतीलच असे नाही. मूठभर एकदम घेऊन प्रत्येक नग एकाच ऑसिलेटरमध्ये (कंपने निर्माण करणाऱ्या मंडलात) लावून मोजला, की त्यांतून अनेकांसाठी जुळणारे गट निघतात. मोजणीची उपकरणेही एकानेच आणली तरी सर्वांचे भागते. याच आराखड्यात टोरॉइड (कॉइलसाठीची कडीच्या आकाराची गाभ्याची वस्तू) मिळत नसेल तर कॉइल नळाच्या वॉशरवर गुंडाळण्याची सोय होती. नवख्यांना धीर येतो तो अशा तडजोडींनी.

कॉइल गुंडाळताना तार कडीच्या छिद्रातून एकदा गेली की एक वेढा धरतात. बाहेरून दिसणारे वेढे मोजणाऱ्याचा हिशेब हमखास चुकतो. सोल्डरिंग सर्वज्ञात असल्याने त्याचा विस्तार येथे केलेला नाही. चाचणीत मात्र घाई महागात पडते: बायसचा (ट्रान्झिस्टरला दिलेल्या आधारभूत विद्युतदाबाचा) प्रीसेट, म्हणजे फिरवून जुळवण्याचा रोधक, किमान स्थितीत न आणता वीज दिली, तर अंतिम टप्प्यातील आयआरएफ ५१० हा ट्रान्झिस्टर प्रथम जळतो. म्हणून आधी फक्त ग्राही भाग चालवून पाहतात. प्रेषण ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडलेल्या रोधकावर) तपासले जाते. प्रत्यक्ष अँटेनावर बोलण्यास केंद्र शासनाचा परवाना आवश्यक असतो. त्यासाठीच्या परीक्षेला किमान वय १२ वर्षे आहे.

अँटेनाची सत्रे तुलनेने सोपी असतात. पीव्हीसी नळी व पोलादी मोजपट्टीचे तुकडे यांपासून १४४–१४६ मेगाहर्ट्‌झसाठी यागी (एका दिशेला रोखता येणारी) अँटेना बनते. लपवून ठेवलेल्या प्रेषकाची दिशा शोधण्यास किंवा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे १४५.८०० मेगाहर्ट्‌झवरील संदेश ऐकण्यास ती पुरते. ४० मीटर पट्ट्याच्या डायपोलला (दोन बाजूंना ताणलेल्या तारेच्या अँटेनाला) सुमारे २० मीटर तार लागते आणि ती गच्चीवर ताणायला सोसायटीची संमती मिळवावी लागते. त्यामुळे तिची बांधणी सत्रात क्वचितच होते.