चिकदौलीचा गेंडा: बेळगावच्या मातीतली जुनी नोंद

बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळ चिकदौली नावाचं गाव आहे. तिथल्या ओढ्याकाठच्या मातीच्या थरात गेंड्याची हाडं आणि दात सापडले होते. १८७४ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्यांचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं आणि ही नवी जात ठरवून तिचं नाव ठेवलं ‘ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस’, दख्खनचा गेंडा. घटप्रभेच्या खोऱ्यातली एवढी मोठी नोंद आपल्या सीमाभागात फारशी कुणाच्या तोंडी नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे वर्णन लिहिणारे रॉबर्ट ब्रूस फूट १८५८ साली सर्वेक्षणात रुजू झाले. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळच्या पल्लावरम इथे त्यांना दगडी हत्यार सापडलं आणि भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाला सुरुवात झाली. पुढे ते आपल्या भागात आले. बेळगाव, कलादगी, धारवाड हा सगळा टापू तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि सर्वेक्षणाच्या कागदोपत्री त्याला दक्षिण मराठा देश म्हणत. या मुलखाच्या खडकांवरचा फूट यांचा ग्रंथ १८७६ साली निघाला. मोटार नाही, धड रस्ते नाहीत, अशा काळात ओढे-नाले पायाखाली घालून त्यांनी केलेलं हे काम आहे. आजही कलादगीच्या खडकांवर लिहिणारा अभ्यासक सुरुवात तिथूनच करतो.

आता, मातीत सापडलेलं हाड गेंड्याचंच हे कळतं कसं? बहुतेक वेळा दातांवरून. दातावरचं एनॅमल हा शरीरातला सगळ्यात टणक भाग. हाड झिजून, फुटून गेलं तरी दात टिकतो. गेंड्याची वरची दाढ हातात घेऊन वरून पाहिली, तर झिजलेल्या पृष्ठभागावर एनॅमलच्या उभारलेल्या कडा दिसतात. बाहेरच्या बाजूने एक लांब कड आणि तिच्यातून आत आलेल्या दोन आडव्या कडा, अशी ग्रीक ‘पाय’ अक्षराची आकृती तिथे उमटलेली असते. बैलाच्या किंवा घोड्याच्या दाढेची नक्षी अगदी वेगळी. शिवाय दाढ किती उंच आहे, किती आणि कशी झिजली आहे, यावरून प्राणी कोवळा पाला खायचा की भरड गवत, याचाही अंदाज बांधता येतो.

चिकदौलीचा गेंडा प्लायस्टोसीन काळातला मानतात. हा काळ साधारण २६ लाख वर्षांपूर्वी सुरू झाला आणि ११,७०० वर्षांपूर्वी संपला. भारतात गेंडा म्हटलं की आज आसामचं काझीरंगा आठवतं. पण गुजरातेत लांघणजच्या उत्खननात गेंड्याच्या खांद्याचं हाड मिळालं आहे, आणि आंध्रातल्या कर्नूलच्या गुहांमधूनही गेंड्याचे अवशेष आले आहेत. त्या गुहा १८८३-८४ मध्ये फूट आणि त्यांचा मुलगा हेन्री यांनीच खोदल्या. गेंड्याला बारमाही पाणी, डुंबायला चिखल आणि भरपूर चारा लागतो. गोकाककडचा भाग आज पर्जन्यछायेत येतो. खानापूर-जांबोटीकडे धो धो पाऊस कोसळत असतो तेव्हा गोकाककडचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. त्याच रानात कधीकाळी गेंडा चरत होता, म्हणजे नदीकाठचं तेव्हाचं चित्र आजच्यापेक्षा निराळं असणार.

गेंडा तसा अगदी अलीकडचा. गोकाकच्या धबधब्यावर घटप्रभा ५२ मीटर खाली झेपावते, ते कडे कलादगी गटातल्या, म्हणजे कलादगीवरून नाव पडलेल्या खडकांच्या समूहातल्या, वालुकाश्माचे. या गटाच्या खडकांचं वय शंभर कोटी वर्षांच्या मागे-पुढे आहे. पाणी ओसरलं की सपाट पडलेल्या थरांकडे नीट पाहावं: काही ठिकाणी दगडावर एकामागे एक बारीक वळ्या दिसतात. उथळ पाण्याच्या हेलकाव्याने वाळूवर पडलेल्या या वळ्या, वाळूबरोबरच दगड होऊन राहिलेल्या. त्या वेळी जमिनीवर गवताचं पातं नव्हतं आणि पाण्यात शिंपला नव्हता. याच गटाच्या चुनखडी आणि तिच्यासारख्याच डोलोमाइट दगडाच्या थरांत मात्र स्ट्रोमॅटोलाइट सापडतात. कोबीचा गड्डा चिरल्यावर पदर दिसावेत तसे त्यांचे थर दिसतात. उथळ पाण्यात सूक्ष्म जीवाणूंचे चिकट थर गाळ अडवत अडवत वर चढत गेले, त्यांचे हे ठसे. असे जीवाणू सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून ऑक्सिजन सोडत. आपण श्वासात घेतो त्या हवेच्या इतिहासाचं एक पान असं आपल्याच शेजारच्या खाणीत उघडं पडलेलं असतं, आणि फरशीसाठी ते फोडलंही जातं.

यानंतर आपल्याकडची वही कोट्यवधी वर्षं जवळपास कोरी आहे. त्या काळाचे गाळाचे थर इथे नाहीतच, आणि थर नाही तिथे जीवाश्म नाही. म्हणून डायनासोर पाहायचे तर जबलपूर किंवा चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा गाठावं लागतं. पुढे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास दख्खनच्या लाव्हाचे लोट आले. बेळगाव त्यांच्या दक्षिण काठाजवळ येतं. दोन लोटांच्या मधल्या काळात तळी साचत, त्यांच्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख अडकत. दख्खनमध्ये अनेक ठिकाणी असे थर मिळाले आहेत. लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाचा माथा लाखो वर्षं पाऊस-उन्हात कुजून आपला जांभा तयार झाला. खानापूरच्या घरांचे चिरे त्याचेच. जांभ्यात जीवाश्म शोधण्यात अर्थ नाही, मूळ दगडाची घडणच त्यात मोडून गेलेली असते.

माणूस या गोष्टीत शेवटी येतो. मलप्रभा आणि घटप्रभा यांच्या काठच्या खडीत फूट यांना क्वार्टझाइटची, म्हणजे घट्ट होऊन टणक झालेल्या वालुकाश्माची, दगडी हत्यारं सापडली. कलादगीचा तोच शंभर कोटी वर्षांचा टणक दगड नदीने गोटे करून आणून टाकला, आणि माणसाने त्याला धार काढली.

मग या वस्तू गेल्या कुठे? सर्वेक्षणाचं मुख्यालय कलकत्त्यात, म्हणून तिथला जीवाश्मसंग्रह वाढत गेला. फूट यांचा हत्यारांचा स्वतःचा मोठा संग्रह १९०४ साली मद्रासच्या सरकारी संग्रहालयाने विकत घेतला. हे बरंच झालं असं मी म्हणेन. घरात ठेवलेला संग्रह दोन पिढ्यांत पांगतो, संग्रहालयात किमान नोंद राहते. पण संग्रहालयही अमर नसतं. दिल्लीतलं राष्ट्रीय निसर्ग इतिहास संग्रहालय १९७८ साली सुरू झालं, आणि २६ एप्रिल २०१६ च्या आगीत ते जळून गेलं. अशा वस्तू पुन्हा घडवता येत नाहीत, एवढं तरी त्या आगीने सगळ्यांना दाखवलं. आपल्या कर्नाटकात म्हैसूरला कारंजी तलावाच्या काठी १९९५ पासून प्रादेशिक निसर्ग इतिहास संग्रहालय आहे. बेळगावच्या शाळेची सहल तिथे जाऊन यायची तर काही दिवस मोडतात. म्हणूनच मला वाटतं की चिकदौलीच्या दाताची एक उत्तम प्रतिकृती आणि कलादगीचा एक कापलेला दगड गोकाकात किंवा बेळगावात मुलांना हाताळायला मिळाला पाहिजे.

भूवारसा स्थळं, म्हणजे खडक आणि जीवाश्मांच्या दृष्टीने मोलाची ठिकाणं, आणि तिथले अवशेष जपण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये एका विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला. कायदा होईल तेव्हा होईल. नदीकाठ मात्र वाळू आणि मुरुमासाठी रोज उकरला जातो आहे, आणि हाडं असतात ती याच थरांत. विहीर खणताना किंवा ट्रॅक्टरच्या फाळाला जड, दगडासारखं हाड लागलं तर ते धुऊन-घासून घरी नेऊ नये. किती खोलीवर, कोणत्या मातीत मिळालं ते लिहून ठेवावं, जागेवरच फोटो काढावा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवावं. थर सुटला की हाड मुकं होतं.