मधपेटी घेणाऱ्यांसाठी: डंख आणि अंगावर उठणाऱ्या गांधी

पेटी हाताळायला लागलात की जाळी घालूनही कधीतरी डंख बसणारच. त्या जागी आग होते, सूज येते. बोटाला माशी चावली तर दुसऱ्या दिवशी मनगटापर्यंत हात सुजू शकतो. एवढ्याने घाबरू नका. आग्या मोहोळाचे शेकडो डंख विषानेच मारू शकतात, पण अ‍ॅलर्जी असलेल्याला पेटीतली एक सातेरी माशी पुरते.

अ‍ॅलर्जीची तयारी आधीच्या डंखांत होते. काहींचे शरीर विषातल्या प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे बनवते. ती त्वचा, घसा, फुप्फुसे, आतडी इथल्या मास्ट पेशींवर चिकटून बसतात. पुन्हा डंख बसला की विषातले प्रथिन शेजारच्या दोन प्रतिपिंडांना जोडते आणि पेशी आतला हिस्टामिन या रसायनाचा साठा ओतून देते. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतले पाणी झिरपते. त्वचेत झिरपले की गांधी, घशात झिरपले की आवाज बसतो. श्वासनळ्या आवळतात, रक्तदाब कोसळतो. हे बहुधा अर्ध्या तासाच्या आत घडते.

तुटलेल्या नांगीसोबत विषाची पिशवीही कातडीत राहते आणि माशी उडून गेल्यावरही विष सोडत राहते. बरेचसे पहिल्या अर्ध्या मिनिटातच. नखाने, चिमट्याने, जमेल तशी ताबडतोब काढा. लोखंड घासण्यात, चुना शोधण्यात नेमका तोच वेळ जातो.

डंखापासून लांब गांधी उठल्या, तळहात खाजू लागले, उलटी झाली, धाप लागली किंवा गरगरले, तर 108 ला फोन करा. माणसाला आडवे करून पाय उंच ठेवा. धाप असेल तर बसू द्या. गाडीपर्यंत चालवत नेऊ नका. दाब उतरलेला असताना उभे केले की हृदयाकडे रक्तच परतत नाही.

खरे औषध अ‍ॅड्रेनॅलिन. डॉक्टर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत देतात: मोठ्यांना 0.5 मिलिग्रॅम, लहानांना वजनाच्या किलोमागे 0.01, गरज पडल्यास 5 मिनिटांनी पुन्हा. सेट्रिझिनने खाज थांबेल, घसा मोकळा होणार नाही. बरे वाटल्यावरही काही तास दवाखान्यातच थांबा, त्रास उलटू शकतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर तिथे सांगा; त्याने अ‍ॅड्रेनॅलिनचा गुण कमी येतो.

पूर्वी डंखाने अंगभर गांधी उठल्या असतील किंवा धाप लागली असेल, तर पेटी नेण्याआधी आम्हाला सांगा. आधी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर पेटी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उघडावी.