कार्य (भौतिकी)

कार्य : बल लागून वस्तू सरकते तेव्हा त्या बलाद्वारे वस्तूला मिळालेल्या किंवा तिच्याकडून काढून घेतलेल्या ऊर्जेचे माप. बल स्थिर असेल तर बल, विस्थापन (वस्तू ठरावीक दिशेत सरकली ते अंतर) आणि त्या दोहोंमधील कोनाची कोज्या (cosine) यांचा गुणाकार म्हणजे कार्य. एकक ज्यूल, १ न्यूटन बलाने त्याच दिशेत १ मीटर विस्थापन झाले की १ ज्यूल कार्य होते. पाणी टाकीत साठवावे तसे कार्य वस्तूत साठवता येत नाही. साठते ती ऊर्जा.

सूत्रातील कोज्येकडे विद्यार्थ्यांचे सहसा दुर्लक्ष होते, आणि खरी गंमत तिथेच आहे. बल विस्थापनाला लंब असेल तर कार्य शून्य. दोरीला बांधून गोफणीसारखा एकसारख्या वेगाने फिरवलेला दगड दोरीच्या ताणामुळे सतत दिशा बदलतो, पण ताणाने त्याची गतिज ऊर्जा, म्हणजे गतीमुळे असलेली ऊर्जा, वाढत नाही. बल विस्थापनाच्या विरुद्ध दिशेने असेल तर कार्य ऋण असते. वर फेकलेला चेंडू मंदावतो तो गुरुत्वाकर्षणाच्या ऋण कार्यामुळे.

डोक्यावर पोते घेऊन नुसता उभा राहिलेला हमाल पोत्यावर काहीही कार्य करत नाही, तरीही घामाघूम होतो. सूत्र चुकलेले नाही. ताणलेल्या स्नायूंतील तंतू सतत एकमेकांना पकडतात, ओढतात आणि सोडतात; त्यात अन्नातील ऊर्जा खर्च होते व तिची उष्णता होते. पोत्यापर्यंत तिच्यातले काहीच पोहोचत नाही. टेबलावर ठेवलेले पोते टेबलाला दमवत नाही, कारण टेबलात असले काही घडतच नाही.

१५ मीटर खोल विहिरीतून १० लिटर पाणी शेंदले तर पाण्यावर सुमारे १,४७० ज्यूल कार्य होते. आहारशास्त्रातल्या कॅलरीत मोजले तर ते जेमतेम ०.३५ किलोकॅलरी भरते! स्नायूंची कार्यक्षमता साधारण २० ते २५ टक्के धरली, तरी शरीराचा खर्च दीड-पावणेदोन किलोकॅलरीच्या आसपासच. कप्पी लावल्याने ओढण्याची दिशा सोयीची होते, कार्य कमी होत नाही. ट्रकला टेकवलेल्या फळीवरून पिंप ढकलतानाही हाच नियम : बल कमी लागते, अंतर वाढते, आणि घर्षणाचा भार वरून पडतो.

वस्तूवरील सर्व बलांचे एकूण कार्य तिच्या गतिज ऊर्जेतील बदलाएवढे असते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ताशी ६० किमी वेगाच्या गाडीला ब्रेक लावल्यावर थांबायला ३० किमी वेगाच्या गाडीच्या चौपट अंतर लागते, रोखणारे बल तेच असेल तर. चालकाला ब्रेक दाबायला लागणाऱ्या वेळात कापलेले अंतर वेगळेच.

बल आणि अंतर यांच्या गुणाकाराला कार्य ही संज्ञा फ्रेंच अभियंता व गणिती गास्पार-गुस्ताव्ह कोरिऑलिस याने १८२९ मध्ये यंत्रांवरील ग्रंथात वापरली. पाणचक्क्या आणि वाफेची यंत्रे तोलून पाहायला एक सामाईक माप हवे होते. पुढे इंग्लंडमध्ये जेम्स ज्यूल याने खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातील वल्ही फिरवून तापमानातील वाढ मोजली. १ पौंड पाण्याचे तापमान १ अंश फॅरेनहाइटने वाढवायला ७७२ फूट-पौंड (१ फूट-पौंड म्हणजे १ पौंड वजन १ फूट उचलण्याचे कार्य) कार्य लागते, असे त्याने १८५० मध्ये मांडले. आजचे मूल्य सुमारे ७७८ आहे. पाण्याच्या तापमानातील फरक तेव्हा अंशाच्या लहानशा भागात मोजावा लागे, हे पाहता ही अचूकता थक्क करणारी आहे.