कम्युनिटी कॉलेजांतील सहभागी कारभार (कॅलिफोर्निया)

महाविद्यालयाचे धोरण ठरवताना विश्वस्त मंडळ व प्रशासन यांच्या जोडीला अध्यापक, शिक्षकेतर कर्मचारी आणि विद्यार्थी यांच्या प्रतिनिधींना कायद्याने स्थान देणारी पद्धती. अमेरिकेच्या अनेक राज्यांत तिची कमीअधिक रूपे आढळतात. परंतु कम्युनिटी कॉलेजांसाठी (माध्यमिक शाळेनंतरच्या दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयांसाठी) तिचा विशेष तपशीलवार कायदेशीर आराखडा कॅलिफोर्नियात तयार झाला, म्हणून प्रस्तुत नोंद मुख्यतः त्या राज्यापुरती आहे. तेथे सध्या ७३ महाविद्यालय-जिल्हे व ११६ महाविद्यालये आहेत. हा जिल्हा महसुली नव्हे. सामान्यतः स्वतःचे निवडून आलेले विश्वस्त मंडळ असलेला तो स्वतंत्र शैक्षणिक घटक असतो आणि त्यात एक वा अनेक महाविद्यालये मोडतात. अंतिम निर्णय मंडळाचाच असतो. प्रतिनिधींचा अधिकार शिफारशीचा असतो, आणि ती शिफारस मंडळावर कितपत बंधनकारक ठरते हा या विषयाचा गाभा आहे.

ही महाविद्यालये शाळांच्या पोटी जन्मली. १९०७च्या कायद्याने माध्यमिक शाळांना पुढील दोन वर्षांचे वर्ग चालवण्याची मुभा मिळाली आणि १९१०मध्ये फ्रेझ्नो येथे असे पहिले कॉलेज सुरू झाले. पुढे अर्धशतकभर बहुतेक ठिकाणी शालेय मंडळेच त्यांचा कारभार पाहत. १९६०च्या उच्च शिक्षण बृहद्‌योजनेने त्यांना विद्यापीठ व राज्य महाविद्यालये यांच्या बरोबरीने सार्वजनिक उच्च शिक्षणाचा तिसरा स्तर मानले, तरी राज्यपातळीवर त्यांचे स्वतंत्र नियामक मंडळ व्हायला १९६७चा कायदा यावा लागला. नाव उच्च शिक्षणाचे आणि वहिवाट शाळेची, अशी ही दुहेरी अवस्था पुढील सर्व वादांच्या मुळाशी आहे.

सहभागी कारभाराचा उगम नेमका कधीचा, याविषयी एकमत नाही. एक पक्ष तो विद्यापीठीय परंपरेत शोधतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष बेंजामिन आइड व्हीलर १९१९मध्ये निवृत्त झाल्यावर बर्कली येथील प्राध्यापकांनी उठाव केला आणि १९२०मध्ये विद्यापीठाच्या नियामकांकडून अकॅडेमिक सेनेटला, म्हणजे प्राध्यापकांच्या सभेला, अभ्यासक्रमादी बाबतींत अधिकार मिळवले. या पक्षाच्या मते कम्युनिटी कॉलेजांतील सेनेट हे त्याचेच उशिरा आलेले अनुकरण होय. १९६३मध्ये राज्य विधिमंडळाने ठराव करून दोन वर्षांच्या महाविद्यालयांत सेनेट स्थापण्यास मान्यता दिली, तर राज्यपातळीवरील सेनेट १९६९-७०च्या सुमारास आकाराला आली. हा क्रम या मताला अनुकूल आहे.

दुसरा पक्ष उगम कामगार-कायद्यात पाहतो. सार्वजनिक शाळांतील शिक्षकांना १९६५च्या विंटन कायद्याने मंडळाशी ‘भेटून चर्चा’ करण्याचा हक्क दिला होता. चर्चा करणे मंडळावर बंधनकारक होते, करार करणे नव्हते. १९७५मध्ये रॉडा कायद्याने हे चित्र पालटले. एखाद्या गटाची एकच संघटना अधिकृत प्रतिनिधी मानून तिच्याशी वेतन, कामाचे तास व सेवाशर्ती यांवर सामुदायिक सौदा करणे मंडळांना भाग पडले. हा कायदा आणणारे राज्य-सिनेटर (विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य) अल्बर्ट रॉडा स्वतः सॅक्रामेंटो सिटी कॉलेजात शिकवत असत. कर्मचाऱ्यांचे खरे प्रतिनिधित्व येथपासून सुरू झाले, सेनेट तोवर शोभेची होती, असे या पक्षाचे म्हणणे.

तिसरा, काहीसा व्यावहारिक पक्ष १९८८ हेच आरंभवर्ष मानतो. १९७८मध्ये मतदारांनी थेट मतदानाने संमत केलेल्या ‘प्रपोझिशन १३’ने मालमत्ता करावर मर्यादा आल्या, स्थानिक मंडळांच्या हातून करवसुलीचा लगाम सुटला आणि पैसा मुख्यतः राज्याकडून येऊ लागला. त्यामुळे राज्याला या महाविद्यालयांची फेररचना करणे क्रमप्राप्त झाले. असेंब्लीचे (विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाचे) सदस्य जॉन व्हास्कोन्सेलोस यांनी मांडलेल्या व सप्टेंबर १९८८मध्ये गव्हर्नर जॉर्ज ड्यूकमेजियन यांनी स्वाक्षरी केलेल्या असेंब्ली विधेयक १७२५ने ती केली. अध्यापकांचा परिवीक्षा-काळ दोनवरून चार वर्षांवर गेला, श्रेयांकित अध्यापनाचे ७५ टक्के तास पूर्णवेळ अध्यापकांकडे असावेत हे उद्दिष्ट ठरले, आणि अध्यापक, कर्मचारी व विद्यार्थी यांना कारभारात ‘परिणामकारक सहभागाचा’ हक्क शिक्षणसंहितेत लिहिला गेला.

तारखांपेक्षा मजकुराची तुलना अधिक बोलकी ठरते. विधेयक १७२५च्या अंमलबजावणीसाठी नियामक मंडळाने १९९०मध्ये जे नियम केले (राज्य नियमसंहितेचे ‘टायटल ५’, कलम ५३२०० व पुढील), त्यांत सेनेटची शिफारस ‘अपवादात्मक परिस्थितीत व सबळ कारणास्तवच’ नाकारता येईल अशा आशयाची तरतूद आहे. हीच भाषा थोड्या फरकाने १९६६च्या त्या निवेदनात सापडते, जे अमेरिकन प्राध्यापक संघटना, अमेरिकन शिक्षण परिषद व नियामक मंडळांची संघटना यांनी मिळून तयार केले होते. अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती, अध्यापकांच्या नेमणुका या बाबतींत प्राध्यापकांची प्राथमिक जबाबदारी मान्य करावी आणि मंडळाने विरोधी निर्णय अपवाद म्हणूनच, कारणे कळवून घ्यावा, असे ते निवेदन सांगते. तेव्हा अध्यापकांपुरता पहिला पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. मात्र त्या निवेदनात मंडळ, अध्यक्ष व अध्यापक यांची कर्तव्ये आहेत, विद्यार्थ्यांविषयी शेवटी एक परिच्छेदवजा भाग आहे, आणि कचेरी, प्रयोगशाळा, ग्रंथालय व आवार सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांना स्थान नाही. त्यांच्यापुरता दुसराच पक्ष खरा धरावा लागतो. एकाच नियमावलीत दोन वेगळ्या वंशांची कलमे शेजारीशेजारी बसली आहेत, असे म्हणणे सर्वांत कमी चुकीचे ठरेल.

नियमांतील तांत्रिक भाग बारकाईने पाहण्याजोगा आहे. कलम ५३२०० ‘शैक्षणिक व व्यावसायिक बाबी’ मोजून देते : अभ्यासक्रम व पूर्वअटी, पदवी-प्रमाणपत्रांच्या अटी, गुणदानाची धोरणे, शैक्षणिक कार्यक्रमांची आखणी, विद्यार्थ्यांची पूर्वतयारी व यश, अध्यापकांच्या भूमिकेपुरती कारभाराची रचना, संस्थेच्या मान्यतेसाठी होणाऱ्या मूल्यांकनातील अध्यापकांचा वाटा, अध्यापकांचा व्यावसायिक विकास, कार्यक्रमांचा फेरआढावा, आणि संस्थात्मक नियोजन व अंदाजपत्रक यांची कार्यपद्धती. या दहांखेरीज मंडळ व सेनेट परस्परसंमतीने ठरवतील त्या इतर बाबी अकराव्या. म्हणून कॉलेजांच्या बैठकांत यादीला ‘टेन प्लस वन’ म्हणतात. अंदाजपत्रकाच्या बाबतीत सेनेटचा हक्क ते तयार करण्याच्या पद्धतीवर आहे, आकड्यांवर नाही. हा फरक अनेक सभांत निसटतो.

प्रत्येक बाबीसाठी मंडळाने दोनपैकी एक मार्ग धोरण म्हणून जाहीर करायचा असतो. पहिल्यात मंडळ सेनेटच्या सल्ल्यावर ‘मुख्यतः विसंबते’. मग शिफारस एरवी स्वीकारलीच जाते, आणि नाकारल्यास सेनेटने मागितली तर कारणे लेखी द्यावी लागतात. दुसऱ्यात ‘परस्परसंमती’ अपेक्षित असते. ती न झाल्यास आधीचे धोरण चालू राहते. अपवाद एवढाच, की ते चालू ठेवल्याने जिल्हा कायदेशीर दायित्वात किंवा मोठ्या आर्थिक अडचणीत येऊ नये. धोरणच अस्तित्वात नसेल, तर प्रामाणिक प्रयत्नांनंतर मंडळ सबळ कायदेशीर, आर्थिक वा संघटनात्मक कारणाने एकतर्फी निर्णय घेऊ शकते. वरवर पाहता दुसरा मार्ग अध्यापकांना अधिक बळ देणारा भासतो. प्रत्यक्षात पहिला अधिक भक्कम आहे, कारण कोंडी झाल्यास दुसऱ्या मार्गात फायदा असतो तो ‘आहे ते चालू द्या’ म्हणणाऱ्या बाजूला, मग ती कोणतीही असो.

सेनेट आणि युनियन यांच्या सीमा कलम ५३२०४ने जाणीवपूर्वक सैल ठेवल्या आहेत. झालेल्या सामुदायिक कराराला या नियमांनी बाध येत नाही, आणि दोन्ही संस्था आपसांत ठरवून कामे वाटून घेऊ शकतात वा एकमेकींकडे सोपवू शकतात. काही ठिकाणी कायद्यानेच दोघींना बांधले आहे. अध्यापकांच्या कार्यमूल्यमापनाची पद्धत सौद्याचा विषय आहे, पण युनियनने वाटाघाटीपूर्वी सेनेटशी विचारविनिमय करावा लागतो. नेमणुकीचे निकष मात्र मंडळ व सेनेट यांनी मिळून ठरवायचे. सेनेटच्या सभांना १९५३चा खुल्या सभांविषयीचा ब्राउन कायदा लागू होतो. नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते. युनियनच्या सभांना तो लागू नाही, त्यामुळे तेच अध्यापक एका सभेत जाहीरपणे आणि दुसरीत बंद दाराआड बोलतात.

शिक्षकेतरांचे कलम (५१०२३.५) मुळातच तोकडे आहे. ज्या धोरणांचा त्यांच्यावर लक्षणीय परिणाम होतो, त्यांच्या घडणीत परिणामकारक सहभागाची संधी द्यावी आणि त्यांच्या शिफारशींचा ‘सर्वतोपरी वाजवी विचार’ व्हावा, एवढेच ते म्हणते. ‘विसंबणे’ नाही, ‘परस्परसंमती’ नाही, लेखी कारणांचे बंधनही नाही. प्रवेशखिडकीवर विद्यार्थ्याला पहिल्यांदा भेटणारा लिपिक, आर्थिक साहाय्याचे अर्ज तपासणारी सहायक, रसायनशाळेतील तंत्रज्ञ यांना महाविद्यालयाच्या अडचणी जितक्या जवळून ठाऊक असतात तितके वजन नियमांनी त्यांच्या शब्दाला दिलेले नाही, आणि हा या व्यवस्थेतला खरा अन्याय आहे.

त्यांचा प्रतिनिधी कोणी नेमायचा, हा प्रश्नही बरीच वर्षे लोंबकळत होता. अनेक महाविद्यालयांत अध्यापकांच्या धर्तीवर शिक्षकेतरांच्या ‘क्लासिफाइड सेनेट’ निघाल्या होत्या. युनियनांना त्यांत स्पर्धा दिसे. काही ठिकाणी प्रशासन आपल्या सोयीचा माणूस निवडते, अशी तक्रारही होती. २००१च्या सिनेट विधेयक २३५ने (शिक्षणसंहिता, कलम ७०९०१.२) निकाल लावला : कोणत्याही समितीवर वा कार्यगटावर शिक्षकेतरांचा प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार त्या गटाच्या अधिकृत युनियनचा. मंडळ व युनियन यांनी लेखी समझोता केल्यास वेगळी पद्धत चालते, आणि सेनेट असलेल्या महाविद्यालयांत असे समझोते झालेले दिसतात. महाराष्ट्रातील रचना येथे नेमकी उलट आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये महाविद्यालय विकास समितीवर तीन अध्यापक आणि एक शिक्षकेतर कर्मचारी आपापल्या वर्गातून निवडणुकीने येतात. संघटनेला तेथे स्थान नाही. कॅलिफोर्नियात संघटनेच्या नेमणुकीमुळे प्रतिनिधीच्या पाठीशी करार व तक्रार-निवारणाची यंत्रणा उभी राहते, तर युनियनमध्ये नसलेल्या कर्मचाऱ्याचा आवाज मागे पडू शकतो.

हा दुसरा मुद्दा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो मिनेसोटातील कम्युनिटी कॉलेजांच्या निमित्ताने. तेथील १९७१च्या कायद्यानुसार सौद्याबाहेरच्या धोरणात्मक बाबींवरही प्रशासन फक्त अधिकृत संघटनेच्या प्रतिनिधींशी चर्चा करी. संघटनेचे सदस्य नसलेल्या वीस अध्यापकांनी याला आव्हान दिले. न्यायालयाने १९८४मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी ते फेटाळले. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांच्या निकालपत्राचा आशय असा, की सरकारने आपले म्हणणे ऐकलेच पाहिजे असा घटनात्मक हक्क कोणालाही नाही, अध्यापक असला तरी. या निकालामुळे सहभागाचा हक्क राज्यघटनेतून नव्हे, तर केवळ राज्याच्या कायद्यातून व करारातून येतो हे पक्के झाले. विधेयक १७२५चे महत्त्व त्या पार्श्वभूमीवर अधिक कळते. १९८०च्या येशिवा विद्यापीठ खटल्यात निर्णयप्रक्रियेत वाटा असलेले प्राध्यापक ‘व्यवस्थापकीय’ ठरून केंद्रीय कामगार कायद्याच्या संरक्षणाबाहेर गेले होते. पण तो निकाल खाजगी संस्थांचा असल्याने सेनेटमध्ये बसल्याने युनियन गमावण्याचा धोका कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांच्या अध्यापकांना राहिला नाही.

व्यवस्थेची कठोर परीक्षा सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्को येथे झाली. पश्चिम विभागाच्या मूल्यांकन आयोगाने २०१२मध्ये आर्थिक नियोजनासह कारभाराच्या रचनेवरही आक्षेप घेतले आणि जुलै २०१३मध्ये मान्यता काढण्याचा निर्णय जाहीर केला. आयोगाचे काम भारतातील ‘नॅक’सारखे असले, तरी तेथे मान्यता गेली की विद्यार्थ्यांचे केंद्रीय आर्थिक साहाय्यही थांबते. राज्याच्या नियामक मंडळाने निवडून आलेल्या विश्वस्तांना बाजूला सारून एका विशेष विश्वस्ताकडे सर्वाधिकार दिले. ज्या मंडळाशी विचारविनिमय करायचा ते मंडळच निष्प्रभ झाल्यावर सेनेट व युनियन दोघींच्या शिफारशींना पत्ता उरला नाही. शहराच्या कायदा विभागाने आयोगाविरुद्ध दावा लावला आणि २०१५च्या निकालात आयोगाने काही बाबतींत कायदा मोडल्याचे न्यायालयाने म्हटले. जानेवारी २०१७मध्ये मान्यता सात वर्षांसाठी पुन्हा निश्चित झाली. अतिसहभागाने निर्णय रखडले, असा अर्थ काहींनी या प्रकरणातून काढला. तो पटण्याजोगा नाही, कारण त्याआधीच्या वर्षांत राज्याच्या निधीत झालेली कपात त्यात हिशेबात घेतली जात नाही.

विद्यार्थ्यांसाठी कलम ५१०२३.७मध्ये स्वतंत्र तरतुदी आहेत आणि मंडळावर विद्यार्थी-विश्वस्तही असतो. अर्धवेळ अध्यापकांची स्थिती याहून नाजूक आहे. संख्येने ते पूर्णवेळांपेक्षा बरेच अधिक आहेत. अनेकजण दोन-तीन जिल्ह्यांत तास घेत फिरतात आणि त्यांचा पगार मुख्यतः तासिकांवर असल्याने समितीवर बसणे पुष्कळदा पदरमोडीचे काम ठरते. काही जिल्ह्यांच्या करारांत अशा बैठकांसाठी मानधनाची तरतूद झाली आहे. सेनेटांनीही अर्धवेळांसाठी जागा राखल्याची उदाहरणे आहेत.