ब्राझीलात साखर जास्त झाली की शिरोळात ऊसबिल का हलतं

दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यात जयसिंगपूरला शेतकऱ्यांची ऊस परिषद भरते आणि दराची घोषणा होते. येताना गाडीत सगळे त्या आकड्यावरच बोलत असतात. गेल्या खेपेला आमचे आण्णा म्हणजे थोरले चुलते मधेच म्हणाले, "साखरेचा भाव ब्राझीलनं पाडला म्हणतेत, पण ब्राझील कुठं आणि आपण कुठं रे?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून सगळं वाचून काढलं आणि इथं लिहितोय.

ही गोष्ट पाचशे वर्षांची आहे. उसाच्या रसापासून दाणेदार साखर करायची कला आपल्याकडची, नावसुद्धा आपलंच. शर्करा इराणात शकर झाली, अरबांकडे सुक्कर, आणि पोर्तुगीज अजूनही असुकार म्हणतात. ऊस भूमध्य समुद्राकडून मदेइरा बेटावर आणि तिथून ब्राझीलला गेला. १५३२ ला मार्तिम अफोन्सो द सौझा नावाच्या पोर्तुगीज कप्तानानं ब्राझीलच्या किनाऱ्यावर साओ व्हिसेंते ही वसाहत वसवली आणि तिथं उसाचं गाळप सुरू झालं. हाच माणूस १५४२ ला गोव्याचा गव्हर्नर म्हणून आला, सेंट फ्रान्सिस झेवियर त्याच्याच जहाजातून आला होता. म्हणजे ज्यानं तिकडं उसाचा धंदा उभा केला तो पुढं आपल्या घाटाखाली तीन वर्षं राज्य करून गेला, हे वाचल्यावर मी तर थक्कच झालो.

त्याच जहाजांच्या वाटेनं तिकडून काजू, अननस, पेरू, मिरची इकडं आली. आपल्या तांबड्या रश्श्याचा रंग अमेरिका खंडातून आलाय आणि चंदगड-आजऱ्याचा काजू तर थेट ब्राझीलचा, शब्दसुद्धा तिथल्या तुपी लोकांच्या भाषेतला. पण त्या साखरेची खरी किंमत आफ्रिकेनं मोजली. सुमारे ४८ लाख माणसं गुलाम म्हणून ब्राझीलात उतरवली गेली, त्यातली कितीतरी उसाच्या मळ्यात राबून मेली, आणि ती गुलामगिरी १८८८ ला कुठं कायद्यानं संपली. स्वस्त साखर म्हणताना हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडं तेव्हा गूळ होता. शाहू महाराजांनी १८९५ ला शाहूपुरी वसवून गुळाची पेठ उभी केली, कसबा बावड्याचा साखर कारखानाही संस्थानकाळातलाच, मग राधानगरीचं पाणी आलं, सहकार आला आणि पंचगंगेच्या दोन्ही काठांना ऊसच ऊस झाला. पण हे सगळं देशातल्या देशात होतं, ब्राझीलशी आपला काही संबंध नव्हता. सरकारी पातळीवर संबंध १९४८ पासून होते खरे, पण गोव्याच्या प्रश्नात ब्राझील पोर्तुगालच्या बाजूनं उभा राहिला, त्यामुळं ते बरीच वर्षं थंडच राहिले.

खरा बदल तेलानं झाला. १९७३ ला तेलाचे भाव भडकले, ब्राझीलचं कंबरडं मोडायची वेळ आली आणि नोव्हेंबर १९७५ ला त्यांनी प्रोआल्कूल योजना काढली, उसापासून इथेनॉल करा आणि गाडीत घाला. १९७९ ला नुसत्या इथेनॉलवर चालणारी फियाट आली, २००३ ला पेट्रोल आणि इथेनॉल कसंही घाला चालेल अशी फ्लेक्स गाडी आली. तेव्हापासून तिथला कारखाना रोज हिशोब करतो, आज साखर परवडते का इथेनॉल. पेट्रोल महागलं की रस इथेनॉलकडे, स्वस्त झालं की साखरेकडे, आणि साखरेकडे वळला की न्यूयॉर्कच्या बाजारात कच्च्या साखरेचा दर खाली. त्यात त्यांचा मुख्य हंगाम एप्रिलला सुरू होऊन नोव्हेंबरात संपत येतो, म्हणजे आपल्या कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आधीच जगाचा भाव बराचसा ठरलेला असतो. आण्णांच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे.

आता मला सगळ्यात लागलेली गोष्ट. २००३ ला कानकूनच्या जागतिक व्यापार परिषदेत भारत आणि ब्राझील खांद्याला खांदा लावून श्रीमंत देशांच्या शेती सबसिडीविरुद्ध उभे होते, त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेला घेऊन इब्सा गटही काढला. ब्राझीलनं युरोपच्या साखर सबसिडीवर जागतिक व्यापार संघटनेत केस करून २००५ ला जिंकली, तेव्हा आपल्याकडच्यांनाही बरं वाटलं असणार. आणि २०१९ ला त्याच ब्राझीलनं ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाला घेऊन तशीच केस भारतावर टाकली. का, तर २०१८ ला आपल्याकडं साखर तुंबली होती, जगात दर पाउंडाला १० सेंटच्या खाली, म्हणजे तेव्हाच्या डॉलरच्या भावानं किलोला साधारण १६ रुपये, आणि इथं सरकारनं किमान विक्री दर २९ रुपये बांधलेला. तोट्यात कोण निर्यात करणार, म्हणून सरकारनं अनुदान दिलं. त्याच हंगामात आमच्या भागातल्या एका कारखान्यानं ऊसबिल चार महिने ताणलं, कायद्यात १४ दिवस लिहिलेत तरी. घरात बहिणीचं लग्न होतं, आण्णांनी सोसायटीचं कर्ज फिरवून घेतलं.

ब्राझीलचं म्हणणं असं की एफआरपी, म्हणजे सरकारनं बांधलेला उसाचा किमान दर, आणि निर्यात अनुदान यात भारत व्यापार संघटनेची मर्यादा ओलांडतो. डिसेंबर २०२१ ला निकाल भारताच्या विरोधात गेला, त्यावर आपण अपील केलं, पण अपील ऐकणारं मंडळच डिसेंबर २०१९ पासून बंद पडलंय, नवे सदस्य नेमायला अमेरिका तयार नाही. तिकडं शेकडो हेक्टरचे मळे आणि मशीननं तोडणी, इकडं दोन एकराचा मालक आणि बीडहून आलेली टोळी, या दोघांना एकाच नियमानं मोजायचं हे मला पटत नाही.

वर नोव्हेंबर २०२३ ला न्यूयॉर्कचा दर २८ सेंटपर्यंत गेला, किलोला ५० रुपयांच्या वर, बारा वर्षांतला सगळ्यात जास्त. तेव्हा आपल्या सरकारनं देशात साखर कमी पडेल म्हणून निर्यात बंद ठेवलेली, आणि ७ डिसेंबरला उसाच्या रसापासून इथेनॉल करायलाही मनाई केली, आठवड्याभरात थोडी सूट दिली एवढंच. आण्णांना हा हिशोब वहीवर मांडून दाखवला. त्यांनी १६ आणि ५० हे दोन्ही आकडे पेननं गोल केले आणि विचारलं, "मग त्या वर्षी ५० ची साखर इकली कुणी?" सगळ्यात जास्त ब्राझीलनं.